विटली कोर्टचं कारंजं आणि आपलं फ्लोरा फाउंटन: दोन्ही एकाच माणसाच्या हातची

तुमचे तीन प्रश्न आधी एकत्र लिहिते, म्हणजे मधूनच वाचणाऱ्यांनाही कळेल काय चाललंय. तुम्ही बर्मिंगहॅमला मुलीकडे गेला होतात, तिथून वूस्टरशरमधलं विटली कोर्ट बघून आलात. जळून नुसता सांगाडा उरलेला राजवाडा आणि त्याच्यासमोर एवढं मोठं दगडी कारंजं, पर्सियस आणि अँड्रोमेडाचं, म्हणजे ग्रीक पुराणातला वीर आणि त्याने समुद्रातल्या राक्षसापासून सोडवलेली राजकन्या. माहिती वाचताना शिल्पकार जेम्स फोरसाइथ असं दिसलं आणि तुम्हाला वाटलं की हे नाव फ्लोरा फाउंटनच्या बाबतीत ऐकलंय. तर एक, हा तोच का. दोन, घर सगळं गेलं तर कारंजं कसं काय टिकलं, आणि एवढा खर्च करून दुरुस्त केलंय तर दिवसभर चालू का नाही ठेवत. आणि तीन, आपलं फ्लोरा फाउंटन लहानपणी पांढरंशुभ्र होतं, ते रिस्टोरेशननंतर मळकट पिवळट दिसतं, "काम बिघडवलं का?"

मी दगडाच्या जतनाचं काम करते, मूर्ती, कारंजी, इमारतींवरचं कोरीव काम वगैरे, आधी मुंबईत आणि नंतर इकडे इंग्लंडात. या दोन्ही कारंज्यांच्या मुख्य दुरुस्तीत मी नव्हते हे आधीच सांगते, पण दोन्ही ठिकाणी दगडाला नाक लावून बघितलंय आणि दगड दोन्हीकडे एकाच जातीचा आहे, पोर्टलंड स्टोन नावाची इंग्लंडातली चुनखडी, त्यामुळे बोलायला हरकत नाही.

पहिल्याचं उत्तर हो, तोच. जेम्स फोरसाइथ, जन्म १८२७, मूळचा स्कॉटलंडमधल्या केल्सोचा, गेला १९१० मध्ये. ऐन उमेदीची काही वर्षं तो वूस्टरमध्येच काम करत होता, म्हणजे विटलीपासून जवळच. पण इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. कारंजं "फोरसाइथचं" असं आपण म्हणतो तेव्हा आराखडा त्याचा असं नसतं. विटलीचा आराखडा विल्यम अँड्रूज नेसफील्डचा, तो त्या काळातला बागांचा नंबर एकचा माणूस होता आणि विटलीची अख्खी बाग त्यानेच मांडली. मुंबईच्या फ्लोराचा आराखडा रिचर्ड नॉर्मन शॉचा, जो पुढे फार मोठा आर्किटेक्ट झाला पण तेव्हा तिशीचा कोवळा पोरगा होता. फोरसाइथ दोन्हीकडे प्रत्यक्ष दगड घडवणारा, आपल्या भाषेत पाथरवट, फक्त खूप वरच्या दर्जाचा. शॉ आणि त्याची ओळख जुनी. शॉने डिझाइन केलेलं एक अवाढव्य लाकडी बुककेस-कम-डेस्क फोरसाइथनेच बनवलं, ते १८६२ च्या लंडनच्या प्रदर्शनात होतं आणि आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. म्हणजे लाकूडही त्याला तितकंच यायचं. मुंबईचं काम त्याच्याकडे कसं गेलं असेल याचा धागा मला तरी इथेच दिसतो, आर्किटेक्टला आपला भरवशाचा कारागीर हवा असतो, तेव्हाही आणि आताही.

आणि तुम्ही विटलीला पूर्वेकडच्या बागेत गेलात का? बहुतेक लोक पर्सियसचा फोटो काढतात आणि चहा प्यायला जातात. पूर्वेकडे दुसरं एक कारंजं आहे, लहान, खूप मोडलेलं, त्याचं नाव काय माहितेय का, फ्लोरा फाउंटन! तेही फोरसाइथच्याच हातचं आणि मुंबईच्या आधीचं. दोन्हींची रचना एक नाही, त्यामुळे नक्कल केली वगैरे म्हणायचं कारण नाही, फुलांची देवता आणि बाग ही त्या काळातली ठरलेली जोडी होती. पण मुंबईकराला तिथे उभं राहून जरा गंमत वाटतेच.

बर्मिंगहॅमला पुन्हा गेलात तर डडलीच्या मार्केट प्लेसमध्ये फोरसाइथचंच अजून एक कारंजं आहे, १८६७ चं, पॅरिसच्या प्रदर्शनात दाखवून मग तिथे बसवलेलं. पैसा परत विटलीच्या तेव्हाच्या मालकाचाच, अर्ल ऑफ डडलीचा (अर्ल ही तिकडची सरदारकीची पदवी).

आता त्या अर्लचं सांगितल्याशिवाय विटली कळत नाही. विटलीची इस्टेट आधी फोली घराण्याची, लोखंडाच्या धंद्यात वर आलेले लोक. १८३७ मध्ये ती विकली गेली आणि विल्यम वॉर्ड नावाच्या मुलासाठी त्याच्या ट्रस्टींनी घेतली, किंमत ८ लाख ९० हजार पौंड, पोराचं वय वीसच्या आसपास. एवढा पैसा आला कुठून तर बर्मिंगहॅमच्या पश्चिमेला जो पट्टा आहे, ज्याला ब्लॅक कंट्री म्हणतात, तिथल्या कोळशाच्या खाणी, चुनखडी, लोखंड. हा वॉर्ड पुढे १८६० मध्ये अर्ल ऑफ डडली झाला. १८५० च्या दशकात त्याने सॅम्युअल डॉक्स या आर्किटेक्टकडून घराला इटालियन थाटाचं नवं रूप दिलं, बाहेरून बाथ स्टोनचं, म्हणजे बाथ भागातल्या चुनखडीचं, आवरण चढवलं, आणि बाग नेसफील्डच्या हवाली केली. नेसफील्ड त्या कामाला आपलं राक्षसी काम म्हणायचा आणि त्यात अतिशयोक्ती काही नव्हती.

पर्सियसच्या कारंज्याकडे लोक शिल्प म्हणून बघतात. मी म्हणेन ते आधी मशीन आहे आणि मग शिल्प. पंखवाल्या घोड्यावर बसलेला पर्सियस, साखळदंडात अडकवलेली अँड्रोमेडा, खाली समुद्रातला राक्षसी सर्प, हे सगळं ठीक. (मूळ गोष्टीत पर्सियस पंखवाल्या चपलांनी उडतो, पेगॅससवर त्याला नंतरच्या चित्रकारांनी बसवला, कारण घोडा जास्त भारी दिसतो.) पण सर्पाच्या तोंडातून जी मुख्य धार वर जायची ती १२० फूट, म्हणजे ३६ मीटर, साधारण बारा मजली इमारतीइतकी. पाणी चढवायला ४० हॉर्सपॉवरचं वाफेचं इंजिन होतं. खालच्या तलावातलं पाणी इंजिनाने उंचावरच्या टाकीत चढवायचं, आणि कारंजं सुरू करताना ते नुसत्या उताराच्या जोरावर खाली सोडायचं.

तुम्हाला आकडेमोड आवडते असं तुमच्या प्रश्नावरून वाटलं म्हणून सांगते. पाणी ३६ मीटर वर जायचं तर हवेचा अडथळा सोडून दिला तरी तोटीतून निघताना त्याचा वेग सेकंदाला साडेसव्वीस मीटर लागतो, म्हणजे ताशी ९५ किलोमीटर. त्यात हवेचा अडथळा आणि पाइपातलं घर्षण धरलं की टाकी ३६ मीटरपेक्षा बऱ्यापैकी वर हवी. एवढं पाणी एवढ्या वेगाने दगडाच्या पोटातून जाताना आवाज एक्सप्रेस गाडी गेल्यासारखा व्हायचा असं त्या वेळचे लोक सांगायचे, आणि आजही सुरू होताना आधी खालून एक घरघर येते ती ऐका, धार नंतर दिसते.

यावरून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचा अर्धा भाग सुटतो. ते कारंजं दिवसभर चालायला बांधलंच नव्हतं! पाहुणे आले, पार्टी असली, की चालवायचं. टाकी रिकामी झाली की खेळ संपला, मग परत कोळसा टाका आणि टाकी भरा. आज इलेक्ट्रिक पंप आहेत, ते दिवसभर चालवता येतील, पण इंग्लिश हेरिटेजवाले, म्हणजे आज ही जागा सांभाळणारी संस्था, सीझनमध्ये ठरलेल्या वेळांनाच थोडा वेळ चालवतात आणि मला विचाराल तर ते अगदी बरोबर करतात. कारण चुनखडीच्या दगडावर सतत पाणी मारणं म्हणजे त्याला हळूहळू विरघळवणं, आणि जोराच्या वाऱ्यात ती धार तिरकी होऊन भलत्याच भागावर पडते, जो भाग कोरडा राहील असं धरून घडवलेला असतो.

घर जळून कारंजं कसं राहिलं ते आता. १९२० मध्ये पुढच्या अर्लने इस्टेट विकली, घेतली किडरमिन्स्टरच्या एका गालिचे बनवणाऱ्या कारखानदाराने, सर हर्बर्ट स्मिथ. १९३७ च्या सप्टेंबरमध्ये तळघरातल्या बेकरीच्या बाजूने आग लागली. आता बघा, जिथे बारा मजली उंच पाणी उडवायची यंत्रणा होती तिथे आग विझवायला पाणी मिळालं नाही, कारण आगीसाठीचे पंप कित्येक वर्षं कुणी तपासलेच नव्हते, ऐनवेळी चाललेच नाहीत. हे वाचून मला आपल्याकडच्या सोसायट्यांमधले लाल रंगाचे फायर हायड्रंट आठवतात, असो. पूर्ण घर जळालं नव्हतं खरं तर, पण विम्यात आणि दुरुस्तीत परवडेना म्हणून विकायला काढलं. मग १९५४ मध्ये भंगाराच्या आणि मोडतोडीच्या धंद्यातल्या लोकांकडे गेलं आणि जे उरलं होतं ते त्यांनी साफ केलं. आगीने जेवढं नेलं नाही तेवढं भंगाराने नेलं, माझं मत आहे हे. छपराचं शिसं गेलं की दोनतीन हिवाळ्यांत भिंतीतून पाणी उतरतं आणि मग कुणी काही करू शकत नाही.

कारंजं उरलं त्याचं कारण फारसं उदात्त नाही. भंगारवाल्याला शिसं, तांबं, लोखंड हवं असतं. टनावारी कोरीव दगडाचं तो काय करणार, क्रेन लावा, गाड्या करा, घेणारा शोधा. बागेतल्या सुट्या मूर्ती आणि हलकं सामान गेलं, हा डोंगर तिथेच राहिला. नंतर पोरांनी दगड मारून नाकं, बोटं, पंखांच्या कडा उडवल्या ते वेगळं. १९७२ मध्ये सरकारने जागा देखभालीखाली घेतली, १९८० च्या दशकात ती इंग्लिश हेरिटेजकडे आली, आणि कारंजं प्रत्यक्ष परत उडायला २००० साल उलटावं लागलं. आगीतून वाचण्यात मुख्य गोष्ट म्हणजे अंतर. चुनखडीच्या दगडाला अडीचशे-तीनशे डिग्रीच्या पुढे गेलं की त्यातलं लोह गुलाबी-तांबूस व्हायला लागतं, आणि आठशेच्या वर गेलं की दगडाचा चक्क चुनकळी चुना होतो, भट्टीत होतो तसाच. मग पहिल्या पावसाने तो फुलतो आणि भुगा. कारंजं घरापासून लांब, पाण्याच्या हौदात उभं, त्याला झळसुद्धा लागली नसणार.

आता ज्याच्यात मला खरा रस आहे ते. कारंज्याचा दगड मरतो कशाने? लोकांना वाटतं घाणीने. शेवाळ, काळे डाग, पांढरट थर, म्हणून घ्या ब्रश, घ्या प्रेशर वॉशर, घ्या ॲसिड. घाणीने फार कमी दगड मरतो हो. मरतो तो आतल्या लोखंडाने आणि चुकीच्या वाटेने जाणाऱ्या पाण्याने.

असं बघा. एवढी मोठी आकृती एका दगडातून घडवत नाहीत. घोड्याचं धड, पंख, पर्सियसचा वर केलेला हात, सगळे वेगळे तुकडे, आत खुंट्या आणि क्लॅम्प घालून जोडलेले. एकोणिसाव्या शतकात या खुंट्या बहुधा लोखंडाच्या, भोकात बसवून वरून वितळलेलं शिसं ओतायचे. शिसं नीट बसलेलं असेल तर लोखंड शंभर वर्षं सुखात राहतं, कारण पाणी पोचत नाही. दरज, म्हणजे दोन तुकड्यांमधली सांध्याची फट, उघडली, पाणी गेलं, की गंज सुरू, आणि गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जास्त जागा लागते. दगड ताणात फार दुबळा असतो, दाबात कितीही मजबूत असला तरी. तो आतून फुटतो. बाहेरून तुम्हाला दिसते ती फक्त एक केसाएवढी भेग, सांध्यापासून दोन बोटं अंतरावर, सांध्याला समांतर, आणि तिच्या कडेला चहाच्या डागासारखा तपकिरी ओघळ. हा ओघळ दिसला की मी बाकी सगळं सोडून तिथे थांबते.

मग लाकडी मुठीने, म्हणजे छिन्नीच्या मागच्या बाजूने, हलकंसं ठोकत ठोकत जायचं. चांगला दगड टण् वाजतो, आतून सुटलेला भद्द. खडूने त्या भद्द भागाची हद्द आखायची. ही हद्द बहुतेक वेळा दिसणाऱ्या भेगेच्या दुप्पट-तिप्पट निघते आणि क्लायंटचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा असतो. उपाय म्हणजे जमेल तिथे सांधा उघडून लोखंड काढायचं आणि स्टेनलेस स्टीलची खुंटी, किंवा काही ठिकाणी टायटेनियमची, बसवायची, दरज परत चुन्याने भरायची. सिमेंटने नाही. सिमेंट दगडापेक्षा कडक आणि पाणी न सोडणारं, मग पाणी सांध्यातून बाहेर पडायच्या ऐवजी दगडातून बाहेर पडायला बघतं आणि दगडाच्या कडा झिजतात, सांधा मात्र फुगीर वरंब्यासारखा तसाच. पुण्या-मुंबईच्या कुठल्याही जुन्या दगडी इमारतीवर हे दिसेल, बघायची सवय लागली की त्रास होतो.

पोर्टलंड स्टोन म्हणजे काय ते जरा. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर डॉर्सेटमध्ये पोर्टलंड नावाचं बेटवजा ठिकाण आहे, तिथली चुनखडी, ज्युरासिक काळातली. भिंगातून बघितलं तर माशांच्या अंड्यांसारखे बारीक गोल दाणे चिकटून बसलेले दिसतात. लंडनचं सेंट पॉल कॅथेड्रल याच दगडाचं. आपल्या काळ्या बेसाल्टच्या मानाने घडवायला मऊ, तरीही उघड्यावर टिकणारा, म्हणून बाहेरच्या शिल्पाला इंग्रजांची पहिली पसंती. खाणीतून आला की सायीच्या रंगाचा असतो, पावसाने धुतला जाणारा भाग हळूहळू पांढरा होतो, आणि जिथे पाऊस पोचत नाही, हनुवटीखाली, काखेत, घोड्याच्या पोटाखाली, तिथे काळा थर चढतो. हा थर म्हणजे नुसती धूळ नाही. कोळशाच्या धुरातलं गंधक आणि दगडातलं चुन्याचं द्रव्य मिळून जिप्सम बनतं आणि त्यात काजळी अडकते. म्हणजे तो थर दगडाचाच झालेला असतो, खरवडला की खालचा दगडही येतो. अर्ल ऑफ डडलीच्या खाणींचा कोळसा त्या भागातल्या कोणकोणत्या मूर्तींच्या हनुवटीखाली बसलाय याचा हिशोब कुणी केलेला नाही, करायला मजा येईल.

१९५६ चा स्वच्छ हवेचा कायदा आल्यावर इंग्लंडात गंधक कमी होत गेलं, काळे थर वाढायचे थांबले, आणि त्याजागी शेवाळ आणि दगडफूल परत आलं. दगडफूल म्हणजे आपल्या मसाल्यातलं असतं त्याचेच भाऊबंद, राखाडी, पिवळे, नारिंगी ठिपके. ते काढावं की नाही यावर आमच्यात भांडणं होतात. मी न काढणाऱ्यांतली आहे, कोरीव काम वाचता येत असेल तर राहू दे. काही जातींची मुळं... मुळं नव्हे, तंतू, दगडात शिरलेले असतात आणि ओढून काढलं की दाणे बरोबर येतात.

विटलीला सगळ्यात मोठा शत्रू थंडी. भिजलेला दगड रात्री गोठला की भोकांतलं पाणी बर्फ होताना सुमारे नऊ टक्के फुगतं आणि पापुद्रा सुटतो. म्हणून थंडीत अशी कारंजी बंद, पाइप रिकामे, हौदाची पातळी खाली. महागातल्या संगमरवरी मूर्तींना तर बऱ्याच इस्टेटींमध्ये हिवाळ्यात हवा खेळती राहील अशा कापडाचे झगे घालतात, नोव्हेंबरात गेलात तर बागभर भुतं उभी असल्यासारखी दिसतात.

मुंबईला बर्फ नाही. मुंबईला मीठ आहे, आणि मिठाच्या जोडीला रंग.

फ्लोरा फाउंटन १८६४ चं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ते मुळात तिथे व्हायचंच नव्हतं. ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया या बागायतवाल्या संस्थेने ते भायखळ्याच्या व्हिक्टोरिया गार्डनसाठी, म्हणजे आपल्या राणीच्या बागेसाठी, करवून घेतलं होतं. फुलांची देवता बागेत, हिशोब सरळ होता. करसेटजी फर्दूनजी पारेख यांनी मोठी देणगी दिली. पण तेव्हा गव्हर्नर बार्टल फ्रिअरने किल्ल्याची तटबंदी पाडायला घेतली होती, चर्चगेट नावाचा जो खरा दरवाजा होता तो गेला, मोकळी जागा झाली, आणि फ्लोरा बागेच्याऐवजी चौकात आली. काळही बघा, कापसाच्या तेजीचा, अमेरिकेतल्या यादवीमुळे मुंबईत पैसा वाहत होता, आणि विहार तलावाचं नळाचं पाणी १८६० च्या सुमारास शहरात यायला लागलं होतं. ते नसतं तर विहिरींच्या शहरात रस्त्यावर पाणी उडवायची छाती कुणाची झाली असती? पुढे २१ नोव्हेंबर १९५५ ला याच चौकात गोळीबार झाला आणि आज आपण त्याला हुतात्मा चौक म्हणतो, ते सगळ्यांना माहीत आहे.

तुमच्या लहानपणीची ती पांढरीशुभ्र फ्लोरा म्हणजे फ्लोरा नव्हती, ऑइल पेंट होता. थरांवर थर. आपल्याकडे सार्वजनिक वस्तू "चांगली ठेवणे" म्हणजे रंगवणे, पुतळ्याला सोनेरी, कठड्याला पिवळा-काळा, कारंज्याला पांढरा. करणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, उलट कौतुकाने करतात. पण चुनखडीवर ऑइल पेंट म्हणजे त्याची नाकं-तोंडं बंद करणं. पाणी वरच्या ताटलीतून, उघड्या दरजांतून, आतल्या फुटक्या पाइपातून दगडात जातच राहतं, मुंबईच्या खाऱ्या हवेचं मीठ बरोबर घेऊन. बाहेर पडायला वाट नाही. जिथे कुठे ते सुकायला बघतं, म्हणजे रंगाच्या लगेच मागे, तिथे मिठाचे खडे धरतात आणि दाण्यांना एकमेकांपासून सुटं करतात. आपल्या जुन्या वाड्यांच्या भिंतींना लोणा लागतो तेच हे. बाहेरून रंगाला फुगा येतो, बोटाने दाबला तर मागे पिठासारखं काहीतरी सरकतं, तो दगड होता! आणि त्यावर पुढच्या वर्षी परत एक हात. शिवाय प्रत्येक हाताबरोबर कोरीव काम गुळगुळीत होत जातं, पापण्या, केसांच्या बटा, फुलांच्या पाकळ्या सगळं बुजतं, चेहरा बाहुलीसारखा होतो.

रंग काढायचं काम कसं करतात ते कुणी सांगत नाही म्हणून सांगते. आधी न दिसणाऱ्या जागी हाताच्या पंजाएवढी एक खिडकी करायची. स्कॅल्पेलने थर मोजायचे, भिंगाखाली ते झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखे दिसतात. मग वेगवेगळे लेप लावून बघायचे, कोणत्या लेपाने रंग मऊ होतो आणि दगडाला काही होत नाही. लेप लावला की वरून प्लास्टिक, तासन्तास थांबायचं, मग लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने उचलायचं, मऊ ब्रश, बेताचं पाणी किंवा गरम वाफ. ॲसिड अजिबात नाही, चुनखडीवर ॲसिड पडलं की फसफसतं ते दगडच जात असतो. रंग गेला की मीठ काढायला कागदाचा लगदा शुद्ध पाण्यात भिजवून गोधडीसारखा गुंडाळायचा, तो सुकताना मीठ ओढून घेतो, मग तो लगदा पाण्यात घालून मीठ किती आलं ते मोजायचं, आणि परत नवा लगदा. आकडा खाली येईपर्यंत हेच. कंटाळवाणं काम आहे, फोटोत काही दिसत नाही, आणि बजेटमध्ये सगळ्यात आधी यालाच कात्री लागते.

फ्लोराचं काम जुन्या वास्तूंचं जतन करणारे आर्किटेक्ट विकास दिलावरी यांच्या देखरेखीखाली झालं आणि २०१९ च्या जानेवारीत ते लोकांसाठी खुलं झालं. रंगाचे थर काढले, मोडलेलं कोरीव काम दुरुस्त केलं, पाण्याची यंत्रणा परत चालू केली. खोदकाम करताना आजूबाजूला जुन्या ट्रामचे रूळसुद्धा सापडले होते. तुम्हाला जे मळकट पिवळट दिसतंय तो दगडाचा स्वतःचा रंग आहे, त्यावर दीडशे वर्षांच्या डागांची थोडी छटा. ती पूर्ण घालवता आली असती, पण त्यासाठी दगडाचा वरचा कातडीसारखा घट्ट झालेला थर काढावा लागतो, आणि तो काढला की खालचा मऊ भाग उघडा पडून दुप्पट वेगाने झिजतो. चांगला माणूस तिथे हात आवरता घेतो. काम बिघडलेलं नाही. विटलीचा पर्सियसही पांढराशुभ्र नाही, तुमच्याच फोटोत बघा, करडा, सायीचा, मधूनच काळा, पण तिथे तुम्हाला तो "जुना" वाटला आणि मुंबईत "मळका" वाटला. मुंबईत आपल्या डोळ्यांना पेंटची सवय लागलीय.

बिघडायची भीती आहे ती पुढच्या काळात. रस्त्याच्या मधोमध असलेलं कारंजं म्हणजे गाड्यांचा धूर, थरथर, उंदीर, कबुतरं, आणि पाण्यात क्लोरिन किती घालायचं याचं भान नसलेला ऑपरेटर. पाणी फार कडक असेल तर तोट्यांच्या भोवती क्षाराचा थर साचतो, तो कुणीतरी कोपऱ्यावरच्या दुकानातून टॉयलेट क्लीनर आणून काढतो, म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिड, वर सांगितलंच काय होतं ते. दोन महिन्यांनी एकदा कुणीतरी जाणत्याने नुसती फेरी मारली, दरजा बघितल्या, तपकिरी ओघळ शोधले, तर निम्म्या मोठ्या दुरुस्त्या टळतील. विटलीत ते जमतं कारण तिकीट आहे, कुंपण आहे, जागेवर माणसं आहेत. चौकात ठेवलेल्या देवतेचं तसं नसतं.

जाताजाता तुमच्या कामाचं. मुलीकडे परत गेलात तर विटलीला वारा नसलेला दिवस बघून जा, कारंज्याच्या वेळा साइटवर बघून घ्या आणि वेळेच्या पंधरावीस मिनिटं आधी पोचा, कोरड्या दगडावर डाग आणि भेगा नीट दिसतात, पाणी सुरू झालं की सगळं एकसारखं ओलं. घोड्याच्या पोटाखालचा काळा थर आणि पाठीवरचा धुतलेला पांढरा भाग एकाच फोटोत घ्या. शेजारचं चर्च चुकवू नका, १७३५ चं आहे, छतावरची चित्रं आणि खिडक्या दुसऱ्याच एका मोडलेल्या राजवाड्याच्या लिलावातून आणून बसवलेल्या आहेत, आणि आतला बाप्तिस्म्याचा दगडी कुंड परत आपल्या फोरसाइथचाच. आणि मुंबईत असाल तेव्हा सकाळी सातच्या आत फ्लोराला जाऊन तिच्या पायाखालच्या शिंपल्यांच्या कडा बघा, छिन्नीचे वळसे अजून दिसतात का ते. एखादा ओघळ तपकिरी दिसला तर फोटो इथे टाका, जवळून, शेजारी एखादं नाणं धरून, म्हणजे भेग किती मोठी आहे ते सांगता येईल.